कपडा उलटा करा आणि आधी माया बघा

राजेंद्रनगरच्या एका ताईंनी विचारलं आहे : "वय ४९. लग्नात माझं छातीचं माप ३२ होतं, आता ३९ भरतं. थायरॉइड निघाल्यापासून चार वर्षांत अंग भराभर सुटलं. घरात दोन अलमाऱ्या आणि एक ट्रंक, तिन्ही गच्च. दार उघडलं की कपडे अंगावर येतात, पण घालायला काही नाही; आलटून पालटून तेच चार कुर्ते. यजमानांचे नोकरीतले सूट-पँट पडून आहेत. सासूबाई मागच्या वर्षी गेल्या, त्यांची लुगडी ट्रंकेत आहेत. टाकवत नाही, ठेववत नाही. सुरुवात कुठून करू?"

ताई, मी ३४ वर्षं इंदूरला रामबागेत शिवणकाम करते. माझ्याकडे येणाऱ्या कामातलं निम्म्याहून जास्त काम नव्या शिलाईचं नसतं. उसवून मोठं करायचं, आत घ्यायचं, जुन्यातून दुसरं काही काढायचं, असलंच असतं. तेव्हा मी उत्तर देणार ते शिवणारीच्या नजरेनं. अलमारी सुंदर कशी लावावी ते मला फारसं सांगता येणार नाही. कुठला कपडा अजून तुमच्या अंगाला येऊ शकतो आणि कुठला कधीच येणार नाही, एवढं मात्र नक्की सांगता येईल. आणि माझा अनुभव असा की हे एकदा कळलं की अलमारी आपोआप निम्मी होते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. "घालायला काही नाही" हे तुम्ही सरसकट सगळ्या अलमारीला लावलंत, ते खरं नाही. साडी कधी अंगाला लहान होते का? लहान होतो तो ब्लाउज. सलवारीच्या नेफ्यात नाडी असते, ती ३२ च्या बाईला होते तशीच ४२ च्या बाईला होते. लहान होते ती कमीज. ओढणीला तर मापच नाही. म्हणजे तुमच्या अलमारीत बसणाऱ्या कपड्यांचा ढीग आहे, त्यांच्या जोडीचा एकेक तुकडा तेवढा बसत नाही. ब्लाउज साडीत गुंडाळून ठेवायची आपली सवय असते, म्हणून बसणारं आणि न बसणारं एकत्र दिसतं आणि जीव घाबरा होतो. पहिल्या दिवशी फक्त एवढंच करा. सगळे ब्लाउज साड्यांतून बाहेर काढा, सगळ्या कमीजा सलवारींपासून सोडवा. टाकायचं काही नाही, ठरवायचं काही नाही. संध्याकाळपर्यंत अर्धी काळजी उतरलेली असेल.

दुसरं, आजचं माप घ्या. स्वतःचं स्वतः घेऊ नका, हात वर केले की टेप सरकतो. घरातल्या कुणाला तरी घ्यायला सांगा. छाती, कंबर, सीट, दंड, मुंढा (काखेभोवतीचा घेर), खांदा. टेपच्या आत दोन बोटं जातील इतपत सैल धरायचा. आकडे कागदावर लिहा, वर तारीख घाला आणि तो कागद अलमारीच्या दाराला आतून चिकटवा. माझ्याकडे कितीतरी बायका मापाच्या वेळी श्वास आत ओढून धरतात आणि "थोडं घट्टच ठेवा काकू, मी बारीक होणार आहे" म्हणतात. मी तसं ठेवत नाही. पोटात श्वास धरून घेतलेल्या मापाचा ब्लाउज जेवणानंतर टोचतो, मग तो दोनदा घालून अलमारीत जातो. असेच कपडे साठत जातात. ३९ हे माप आहे, कुणी दिलेला शेरा नाही. माझ्या टेपवर ६० इंच आहेत आणि सगळे सारखेच छापलेले आहेत.

पण एक सांभाळा. वजन अजून वर-खाली होत असेल, गोळीचा डोस बदलत असेल, तर सहा महिने थांबून पुन्हा माप घ्या आणि मगच मोठी उसवाउसव करा. बाळंतिणीला तर मी वर्षभर काही उसवू देत नाही. अंग स्थिर होण्याआधी अल्टर केलेला कपडा दुसऱ्यांदा उसवावा लागतो आणि दोनदा उसवलेलं कापड शिवणीवर कमजोर होतं.

आता मुख्य गोष्ट. कपडा हातात घेतला की सरळ बाजूनं बघत बसू नका. सरळ बाजूवर आठवणी असतात : हा अमक्याच्या मुंजीत घातला होता, हा आईनं घेतला होता. कपडा उलटा करा. बाजूच्या शिवणीपाशी आत किती कापड सोडलंय ते बोटानं बघा. आम्ही त्याला माया म्हणतो. ठेवायचं की द्यायचं, याचं निम्मं उत्तर या मायेत असतं. जुन्या शिंपी मास्तरांनी आणि घरी शिवणाऱ्या बायकांनी हात राखून कापड कापलं नाही, आत इंच-सव्वा इंच माया सोडली, कारण मुलगी उद्या भरेल हे त्यांना ठाऊक होतं. आपल्या शहरात हुकुमचंद, मालवा, राजकुमार अशा गिरण्या होत्या. त्या पिढीनं कापड वारानं मोजून घेतलं, त्यांना कातर चालवताना जिवावर यायचं. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. पुढे तयार कपडे आले, आणि तयार कपड्यात माया नसते. त्यांच्या कडा गुंफणाऱ्या ओव्हरलॉकच्या मशीनला सुरी असते, ती शिवता शिवता कडेचं कापड कापून टाकते. आत जाळीदार दोरा आणि त्याला लागून लगेच शिवण दिसली, तर तो कपडा मोठा होणार नाही. मग तो कितीही आवडता असो, त्याच्यासाठी मास्तराकडे हेलपाटे घालू नका.

ब्लाउजवर जरा सविस्तर लिहिते, कारण मराठी घरातली अलमारी ब्लाउजांवर अडते. ब्लाउज हुक लावून पलंगावर सपाट ठेवा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा. हे झालं ब्लाउजचं माप. तुमची छाती ३९, म्हणजे ब्लाउज ४० भरायला हवा. आता हिशेब असा : ब्लाउजला बाजूच्या शिवणी दोन, प्रत्येकीत पुढचा पल्ला आणि मागचा पल्ला, म्हणून माया चार ठिकाणी असते. आत एक इंच माया असेल, तर त्यातला पाव इंच शिवणीला ठेवून प्रत्येक ठिकाणी पाऊण इंच मिळतो. चार पाऊण म्हणजे तीन इंच. म्हणजे ३७ भरणारा ब्लाउज ४० होतो. ३५ भरणारा होत नाही. एवढं गणित घरी बसून करता येतं आणि साठ ब्लाउजांतले पंधरा-वीस तरी त्यात वाचतात.

फक्त दंड विसरू नका. ब्लाउज आधी दंडावर अडतो, छातीवर नंतर. बाहीच्या आतही माया आहे का बघा. असेल तर बाहीच्या काठापासून काखेतून खाली कमरेपर्यंत एकच सलग टीप घालून मोठं करतात. बाहीला माया नसेल आणि बाजूला असेल, तर काखेत चौकोनी तुकडा घालावा लागतो. त्याला चौबगला म्हणतात. पूर्वी अंगरख्याला, परकर-पोलक्यातल्या पोलक्याला तो असायचाच. हात वर केला तरच दिसतो आणि हात मोकळा होतो. हल्लीच्या फिटिंगच्या नादात तो गेला, पण अल्टरमध्ये अजून त्याच्याइतकं कामाचं काही नाही.

आणि एक : पुढे हुक-पट्टीला तुकडा जोडून ब्लाउज मोठा करून देणारे असतात. तसं करू देऊ नका. पुढचे टक्स, म्हणजे आकारासाठी घातलेल्या चिमट्या, छातीच्या मध्यावर यावे लागतात. पुढे पट्टी वाढवली की दोन्ही टक्स काखेकडे सरकतात आणि ब्लाउज पुढून पोकळ दिसतो. मोठं करायचं ते बाजूनं.

उसवण्याआधी रंग बघा. मागे एका ताईंनी १९९८ सालचा लग्नातला ब्लाउज आणला, राणी रंगाचा, रेशमी. मी तो उलटा करून बाजूची टीप ब्लेडच्या टोकानं एकेक टाका सोडत उसवली. आतली माया सव्वा इंचाची निघाली, आणि तिचा रंग असा की दोघी बघत राहिलो. बाहेरचं कापड पंचवीस वर्षांत विटून फिकट गुलाबी झालं होतं आणि आतली ती पट्टी काल रंगवल्यासारखी राणी. शिवणीच्या रेषेवर सुईची भोकं रांगेनं उभी होती आणि पट्टीच्या एका कोपऱ्यावर हळदीचा डाग. त्यांना ती गडद पट्टी तशीच दिसायला हवी होती, म्हणून मी दोन्ही बाजूंना ती दिसेल अशीच शिलाई घातली. पण सगळ्यांना ते चालत नाही. सुती कापडाची भोकं दोन धुण्यांत बुजतात, रेशमाची कधी बुजत नाहीत. रंगातला फरक तर कायमचा. तेव्हा आतली माया बाहेर आल्यावर कशी दिसेल, ते आधी थोडंसं उसवून उजेडात बघा, मग ठरवा.

मग उरले लग्नानंतरच्या काळातले, ३३-३४ भरणारे ब्लाउज. हे मायेनं होणार नाहीत. यातले दोन-तीन, ज्यांच्याशिवाय साडी अपुरी वाटते, ते बाजूला ठेवा. त्यांना दोन्ही बाजूंनी पट्टी घालता येते. पट्टीचं कापड साडीच्या आतल्या टोकातून काढतात, जो भाग आपण पहिल्या वेढ्यात खोचतो तिथून. कापलेल्या जागी त्याच लांबीचं रंग जुळणारं साधं कापड मी जोडून देते. अंग भरलं की साडीचा वेढाही जास्त जातो, लांबी कमी करून चालत नाही. बाकीचे ब्लाउज सोडून द्या, ताई. ते ब्लाउज आहेत, साड्या नाहीत. साड्या तुमच्याकडेच राहणार आहेत.

त्या साड्यांसाठी आठ नवे ब्लाउज आजच्या मापाचे शिवा. काळा, मोतिया, मरून, बाटली हिरवा, गडद निळा, मोरपंखी, एक सोनेरी ब्रोकेडचा आणि एक कलमकारी किंवा इतर छापाचा. मॅचिंग सेंटरमध्ये साड्या घेऊन जा आणि भर दुपारी जा, ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. रोजच्या वापराला टू बाय टू रुबिया हे ब्लाउजचं सुती कापड चांगलं. ८० सेंटिमीटरचा तुकडा तुमच्या मापाला कोपरापर्यंतच्या बाहीसह पुरणार नाही, पूर्ण मीटर घ्या. शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, सुती कापड आटतं ते आधीच आटू दे. आणि शिवणाऱ्याला स्पष्ट सांगा, इंचभर माया ठेवा. हे आठ ब्लाउज तीस-पस्तीस साड्यांना चालतात. मी हे कितीतरी घरांत बघितलंय : ज्या साड्या दहा वर्षं बाहेर आल्या नव्हत्या त्या पुढच्या महिन्यात नेसल्या गेल्या.

कमीजांचं तसंच. सलवार-ओढणी चांगली असेल तर तिच्यावर साध्या रंगाची नवी कमीज शिवा. तयार कुर्त्यांमध्ये जे सुती आणि चांगल्या छापाचे आहेत, त्यांना काखेपासून कटापर्यंत दुसऱ्या रंगाची दोन-दोन इंचांची पट्टी घालता येते, ती मुद्दाम घातल्यासारखी दिसते. किंवा पुढून मधोमध कापून, कडा मोडून घेऊन, साध्या कुर्तीवर जॅकेटसारखा उघडा घालता येतो. लेगिंग आणि ताणाची जीन्स मात्र ठेवू नका. त्यातला रबरी धागा मेला की गुडघ्याला पिशवी येते, त्याला औषध नाही.

आता एक मतभेद सांगते. "वर्षभर घातलं नाही ते काढून टाका" असा नियम सगळीकडे सांगतात. तो आपल्या घरांना लागू नाही. पैठणी तीन वर्षांतून एकदा निघते, धाबळी कुणाच्या सोवळ्याला लागते, शालू लग्नाशिवाय निघत नाही. किती दिवस घातलं नाही, यावरून काही ठरत नाही. हे अंगाला येतं का, येत नसेल तर आणता येईल का, आणि आणण्याचा खर्च योग्य आहे का, हे तीनच प्रश्न मी विचारते. खर्चासाठी माझा अंदाज असा : नव्या शिलाईच्या निम्म्याहून जास्त पैसे अल्टरला लागणार असतील, तर तो कपडा केवळ जिव्हाळ्याचा असला तरच करावा.

बारीक झाल्यावर घालीन म्हणून ठेवायचे कपडे? ठेवा. मी कुणाची आशा काढून घेत नाही. पण चारच ठेवा, एका पिशवीत, वर आजची तारीख लिहून, आणि पिशवी रोजच्या अलमारीत नको. रोज सकाळी दार उघडल्यावर पहिली नजर अंगाला येणाऱ्या कपड्यांवर पडली पाहिजे.

यजमानांच्या पँट शिवून घेतलेल्या असतील तर चांगली बातमी आहे. उलटी करून मागची शिवण बघा, कमरेपाशी दोन्हीकडे इंच-दीड इंच माया असते आणि खाली आसनाकडे ती कमी होत जाते. कमरेचा पट्टाही तिथेच मध्ये जोडलेला असतो. दोन इंच आरामात मिळतात. त्यांची कंबर कमी झाली असेल तर आत घेतानाही दोन इंचांच्या पुढे जाऊ नका, मागचे दोन खिसे एकमेकांना भिडतात. तयार जीन्सचा पट्टा सलग असतो, तिथं हे होत नाही. सुटाचा कोट असेल तर तो घालून आधी खांदा बघा. खांद्याची शिवण दंडावर लोंबत असेल किंवा खांद्याच्या आत ओढली जात असेल, तर विषय संपला. खांदा बदलणं म्हणजे बाही, कॉलर, आतलं कॅनव्हास, अस्तर सगळं उघडणं. इतका खर्च कुठल्याच जुन्या कोटाला करू नये. लोकरीचा असेल तर उजेडाकडे धरा, कसर लागली असेल तर चाळणीसारखे बारीक उजेडाचे ठिपके दिसतील. तसा कोट बाकीच्या कपड्यांपासून त्याच दिवशी वेगळा करा.

आता सासूबाईंची लुगडी. इथे घाई नको, हे काम सगळ्यात शेवटी करा आणि एकट्यानं करू नका. नणंद असेल तर तिला बोलवा. मी पूर्वी एकदा चूक केली आहे. एका मुलीनं आईची दोन लुगडी कुर्ते शिवायला आणली. मी कापड न तपासता एक सरळ कापलं. शिवायला घेतलं तर टीप पडताच शिवणीवर कापड फाटत गेलं. रेशीम घड्यांवर विरलेलं होतं. ते अख्खं राहिलं असतं तर निदान घडी करून जवळ ठेवता आलं असतं. ती मुलगी काही बोलली नाही, तुकडे गोळा करून घेऊन गेली. त्यानंतर मी अंगठ्याची परीक्षा केल्याशिवाय जुन्या रेशमाला कातर लावलेली नाही.

परीक्षा अशी : कापड दोन्ही हातांच्या अंगठ्यांखाली इंचभर अंतरावर धरा आणि हलकेच ताणा, आधी उभं, मग आडवं. घडीच्या रेषेवर, पदराच्या सुरुवातीला आणि काठ जिथे अंगाला मिळतो तिथे, तिन्ही ठिकाणी करा. धागे गपकन सरकले किंवा बारीक कर्र आवाज आला, तर ते लुगडं नेसायचंही नाही आणि कापायचंही नाही. जुन्या मलमलीत सैल गुंडाळून ठेवा. घट्ट घडी नको.

जे मजबूत निघेल, त्याचे खूप मार्ग आहेत. नऊवार म्हणजे ८.२३ मीटर. त्यातून सहावारी साडी काढली, ५.४९ मीटरची, तर तीन वार, म्हणजे २.७४ मीटर कापड उरतं. तेवढ्यात तुमच्या मापाचा ब्लाउज होऊन नातीचा परकरही होतो. कापायचं ते आतल्या टोकाकडून, पदर अख्खा राहिला पाहिजे. तुमच्या सासूबाईंच्या लुगड्यांत माहेश्वरी असेल, आपल्याकडे जुन्या घरात असतेच. अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात महेश्वरला विणकर वसवले, तेव्हापासूनचं ते काम. माहेश्वरीत बहुतेक वेळा उभा धागा रेशमी आणि आडवा सुती असतो, म्हणून दोन्ही दिशांना ताणून बघा. एक दिशा मजबूत आणि दुसरी विरलेली असं होऊ शकतं. तिचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. असा काठ कुर्त्याला लावण्यासाठी कापू नका, साडीच उलटी-सुलटी नेसता येते.

जुनी जरीची लुगडी भांडेवालीला देऊ नका, एवढी विनंती. दारावर येणाऱ्या त्या बाईशी माझं भांडण नाही, तिचं पोट त्यावर आहे आणि जुना कपडा कुठे जायला हवा हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. यजमानांचे शर्ट-पँट, धड चादरी, बसत नसलेले कुर्ते तिला जरूर द्या. ती ते दुरुस्त करून बाजारात विकते, कुणीतरी अंगावर घालतं. पण जुन्या जरीत खरी चांदी असू शकते. दिवसा सराफ्यात नेऊन एखाद्या ओळखीच्या सोनाराला दाखवून घ्या, मग काय ते ठरवा.

मऊ सुती लुगडी सगळ्यात मोलाची. कुणाच्या घरी बाळ येणार असेल तर त्याची दुपटी करा, नवं कापड तान्ह्या अंगाला इतकं मऊ लागत नाही. नाहीतर गोधडी. एक साडी दुहेरी केली की एका माणसाच्या गोधडीचे दोन थर होतात, चार साड्यांचे आठ. आतले थर विटलेले चालतात, वरचे दोन आवडत्या लुगड्यांचे घ्या. धावदोऱ्यानं कडेकडेनं आत शिवत जायचं. त्यात सिंथेटिक साडी घालू नका, ती आत सरकते आणि गोळा होते. सासूबाईंच्या लुगड्यांची गोधडी त्यांच्या मुलानं पांघरली, तर त्याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

कामवाल्या मावशींना द्यायचे असतील तर विचारून द्या. त्यांच्या मापाचा ब्लाउज आहे का, त्यांच्या मुलीला हा रंग आवडेल का. धुऊन, बटण लावून, घडी करून द्या. फाटकं, डागाळलेलं देऊन पुण्य मिळत नाही. महापालिकेच्या आर-आर-आर (रिड्यूस, रियूज, रिसायकल) केंद्रांवर धड कपडे घेतात, २०२३ पासून ती सुरू झाली. चिंध्या सुक्या कचऱ्यात जातात, ओल्यात नाही, हे इंदूरकरांना सांगायला नको. जुन्या लोकरीच्या कपड्यांचं पुढे पानिपतला सूत काढून घोंगड्या विणतात, म्हणून कसर लागलेला स्वेटरही अगदी वाया जात नाही. आणि रंगपंचमीच्या गेरसाठी, म्हणजे रंग खेळत निघणाऱ्या मिरवणुकीसाठी, जुने कपडे ठेवायचे, तर माणशी एक जोड. मी एका घरात "गेरचे कपडे" म्हणून भरलेली अख्खी ट्रंक बघितली आहे. राजवाड्यावर वर्षातून एकदाच जायचं असतं.

हे सगळं पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत उघडलेलं रेशीम तसंच घडी केलं की आत बुरशी धरते. दसऱ्याच्या आसपास कोरडं ऊन पडलं की काढा, रेशीम सावलीत आणि सुती उन्हात वाळवा. परत ठेवताना खळ दिलेल्या साड्या धुऊन खळ काढूनच ठेवा, खळीला कसर आणि झुरळं दोन्ही येतात. रेशीम प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत ओल धरते आणि जर काळी पडते. डांबराच्या गोळ्या कापडात बांधून कोपऱ्यात ठेवा, जरीला टेकवू नका. तीन-चार महिन्यांनी घड्या बदला, म्हणजे तुमच्या सुनेला अंगठ्याच्या परीक्षेत नापास झालेलं लुगडं मिळणार नाही.

माझ्याकडे किंवा जवळच्या कुठल्याही शिवणाऱ्याकडे जाताना पन्नास कपड्यांचं बोचकं नेऊ नका. पहिल्या खेपेला तीनच ब्लाउज न्या, प्रत्येकाला चिठ्ठी टाचून, काय हवं ते लिहून. ते घरी आणून दिवसभर घालून बघा, हात वर करून बघा, पीठ मळून बघा. काम पटलं तर पुढचे द्या. लग्नातला ब्लाउज सगळ्यात शेवटी न्या आणि घरी उसवून नेऊ नका. जुनी टीप ओढून काढली की रेशीम शिवणीवर फाटतं, तिचे टाके एकेक करूनच सोडावे लागतात. सोबत साडी मात्र घेऊन जा. पट्टीचं कापड तिच्यातूनच काढायचं आहे आणि दोऱ्याचा रंगही तिच्यावर ठेवूनच निवडायचा आहे.